वस्तू आणि वापर : डावखुऱ्यांचे प्रश्न

दर वर्षी १३ ऑगस्टला आंतरराष्ट्रीय डावखुरा दिन पाळला जातो. १९७६ साली त्याची सुरुवात झाली. त्या निमित्ताने या सदरासाठी आम्ही डावखुऱ्या वाचकांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून रोजच्या वस्तूंविषयीचे प्रश्न मागवले होते. जगातील सुमारे दहा टक्के माणसे डावखुरी आहेत; वीस लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र करून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रमाण १०.६ टक्के आढळले. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात सरासरीने चार मुले डावखुरी असतात, आणि तरीही त्या वर्गाच्या कपाटातील सगळ्या कात्र्या बहुधा उजव्या हाताच्या असतात. कात्री आणि स्वयंपाकघर यांविषयीची पत्रे सर्वाधिक आल्यामुळे त्यांना जागाही अधिक दिली आहे.

प्रश्न : माझी मुलगी पहिलीत असून डावखुरी आहे. हस्तकलेच्या तासाला तिच्याकडून कागद सरळ कापला जात नाही. तो पात्यांमध्ये अडकून दुमडतो. बाईंनी ‘घरी सराव करून घ्या’ असे सांगितले, म्हणून ‘दोन्ही हातांसाठी’ असे छापलेली नवी कात्री आणली, पण काही फरक पडला नाही. दोष तिच्या हातात आहे की कात्रीत?
— एक आई, मुलुंड

उत्तर : दोष कात्रीत आहे. नेहमीची कात्री टोके आपल्यापासून दूर ठेवून धरा आणि उघडून पाहा. वरचे पाते उजव्या बाजूला दिसेल. कात्री पालथी करून पाहिली तरी वर येणारे पाते उजवीकडेच राहते, कारण ही गोष्ट कात्री कशी धरली यावर नव्हे, तर पाती एकमेकांवर कशी जोडली आहेत यावर ठरते. उजव्या हाताची मूठ मिटताना अंगठा आपल्या कड्याला नकळत बाहेर ढकलतो आणि बोटे दुसऱ्या कड्याला तळव्याकडे ओढतात. या दोन्ही जोरांमुळे पाती एकमेकांवर दाबली जातात आणि कागद धारेत सापडतो. तीच कात्री डाव्या हातात गेली की हेच जोर उलट बाजूंनी लागतात, पात्यांमध्ये बारीकशी फट पडते आणि कागद कापला जाण्याऐवजी त्या फटीत शिरतो. शिवाय उजव्या हाताने कापणाऱ्याला पात्याच्या डावीकडून कापायची रेघ स्पष्ट दिसते, तर डाव्या हाताने कापणाऱ्याच्या आणि रेघेच्या मध्ये वरचे पाते येते. रेघ दिसत नाही, म्हणून मूल मान वाकडी करून पाहते, आणि पाहणाऱ्याला ते धांदरट वाटते.

‘दोन्ही हातांसाठी’ या छापील शब्दांवर विश्वास ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. अशा कात्रीत केवळ मुठीची कडी दोन्ही हातांना बसतील अशी केलेली असतात. पाती उजव्या हाताचीच राहतात. खऱ्या डाव्या कात्रीत पात्यांसकट सगळी रचना उलटलेली असते. दुकानात ओळखण्याची खूण सोपी आहे : टोके समोर धरून कात्री उघडल्यावर वरचे पाते डाव्या बाजूला आले, तरच ती डाव्या हाताची कात्री. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर लेखनसाहित्याची घाऊक दुकाने आहेत, तेथे विचारून पाहावे; ऑनलाइन मागवल्यास छायाचित्रात पात्यांची बाजू तपासूनच मागवावी, कारण वर्णनात ‘डावखुऱ्यांसाठी’ असे लिहून मुठीचा केवळ रंग बदललेल्या कात्र्याही विकल्या जातात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपली मुलगी वर्षभर उजव्या कात्रीने कापत आली असेल, तर पाती जुळावीत म्हणून अंगठा आत ओढण्याची सवय तिला लागलेली असू शकते. ही सवय खऱ्या डाव्या कात्रीत उलटी पडते, त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस नवी कात्रीही नीट चालत नाही असे वाटेल. तेवढ्यावरून ती परत करू नये. गोल आकार कापताना उजव्या हाताची मुले घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जातात. आपल्या मुलीला काट्यांच्या दिशेने जायला शिकवावे, म्हणजे कागद धरणारा हात आडवा येणार नाही. बाईंना हे सारे शांतपणे सांगून वर्गासाठी अशा दोन-तीन कात्र्या ठेवण्याची विनंती करावी, कारण त्या वर्गात आपली मुलगी एकटीच डावखुरी असेल असे संभवत नाही.

प्रश्न : मी लालबागला शिवणकाम करते. कापड कापायची माझी मोठी कात्री मधला स्क्रू काढून, पाती उलटसुलट जोडून डाव्या हाताची करता येईल का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : करता येणार नाही. पात्याची धार एकाच बाजूने घासून उतरती केलेली असते आणि चांगल्या कात्रीची पाती किंचित आतल्या बाजूला वाकवलेली असतात, जेणेकरून ती टोकापर्यंत एकाच बिंदूत एकमेकांना टेकत जावीत. पात्यांची जागा बदलली की धारेचा उतार चुकीच्या बाजूला येतो आणि बाक उलटा पडतो. अशी कात्री कापड चावते. मेरठच्या कात्र्यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि तेथील कारागिरांची परंपरा मोठी आहे, पण डावी कात्री हवी असेल तर ती डावी म्हणूनच घडवलेली असावी लागते. शिवणकामात दिवसभर कात्री चालते, अंगठ्याच्या मुळाशी जोर येतो, म्हणून हा खर्च टाळू नये. आणि एकदा ती घेतली की घरातल्या इतरांनी तिने कागद कापू नयेत, हे वेगळे सांगायला नकोच.

प्रश्न : मी गिरगावातील एका प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गातील डावखुऱ्या मुलांच्या वह्या खरडल्यासारख्या दिसतात, तळहाताला शाई लागते, शार्पनरशी त्यांची झटापट चालते. काही पालक हात बदलण्याचा आग्रह धरतात. वस्तूंच्या निवडीत काय बदल करावा?
— एक शिक्षिका, गिरगाव

उत्तर : हात बदलण्याचा प्रश्न आधी संपवू या. प्रसाद कोणत्या हाताने घ्यावा हा ज्या त्या घरचा विषय आहे. लेखणीचा हात मात्र बदलू नये, आणि शाळेने तर त्या आग्रहाला अजिबात पाठबळ देऊ नये.

देवनागरी डावीकडून उजवीकडे लिहिली जाते, त्यामुळे उजवा हात लेखणी ओढत पुढे जातो आणि डावा हात ती ढकलत, आपण नुकत्याच लिहिलेल्या अक्षरांवरून घासत जातो. शिरोरेघ ओढताना हा फरक विशेष जाणवतो, कारण ढकलत नेलेले टोक कागदात रुतते. उपाय बहुतांशी वहीच्या कोनात आहे. डावखुऱ्या मुलाची वही त्याच्या शरीराच्या मध्यापासून थोडी डावीकडे असावी आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने तिरकी केलेली असावी, म्हणजे वहीचा खालचा उजवा कोपरा मुलाकडे येईल. असे केल्यावर हात ओळीच्या खाली राहतो, मनगट आकड्यासारखे वळवावे लागत नाही आणि लिहिलेले दिसतही राहते. पेन्सिल टोकापासून तीनेक सेंटीमीटर वर धरायला सांगावी. हे सर्व पहिली-दुसरीत सांगितले तर उपयोग होतो. पुढे हात वाकडा धरण्याची सवय पक्की झाली की ती सुटत नाही आणि सोडवण्याचा हट्टही धरू नये.

वस्तूंविषयी सांगायचे तर, तिकोनी पेन्सिल दोन्ही हातांना चालते. अंगठ्यासाठी खोलगट जागा केलेली रबरी पकड मात्र बहुतेक वेळा एकाच हाताची असते, ती तपासून घ्यावी. स्पायरल वहीची तार डाव्या मनगटाला टोचते. वही पालथी करून शेवटच्या पानाकडून लिहायला सुरुवात केली की तार उजवीकडे जाते, किंवा वरच्या बाजूने बांधलेले पॅड वापरावे. शाईच्या पेनाची हौस असेल तर लामी ही जर्मन कंपनी डाव्या हातासाठी वेगळी निब विकते. पेलिकनचेही मुलांसाठीचे डाव्या हाताचे पेन आहे. परीक्षेच्या दिवसांत मात्र लवकर सुकणाऱ्या शाईचे साधे बॉलपेन त्याहून बरे.

शार्पनरची गोष्ट थोडी निराळी आहे. उजव्या हाताचे मनगट घड्याळाच्या दिशेने सहज आणि जोरात वळते, आणि शार्पनरचे पाते त्याच पिळासाठी बसवलेले असते. डाव्या मनगटाचा सहज पीळ उलट दिशेचा असतो. पेन्सिल आणि शार्पनर यांची हातांत अदलाबदल करूनही हा पीळ बदलत नाही, करून पाहावे. २०१७ साली एका आईने आपल्या डावखुऱ्या मुलीसाठी असा शार्पनर भारतात वाजवी किमतीत मिळत नाही, असे मुंबईच्या हिंदुस्थान पेन्सिल्स या कंपनीला कळवले, तेव्हा कंपनीने खास तिच्यासाठी डाव्या हाताचे काही शार्पनर हाताने तयार करून पाठवले होते. कंपनीचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे, पण प्रत्येक आईने पत्र लिहावे अशी अपेक्षा करता येत नाही. वर्गात टेबलाला लावायचे, दांडा फिरवायचे एक शार्पनर ठेवावे. त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहता येईल अशी जागा असली की झाले.

आणि बाकावर डावखुऱ्या मुलाला नेहमी डाव्या टोकाला बसवावे. दोन कोपरांची टक्कर टळते, भांडणेही निम्मी होतात.

प्रश्न : माझा मुलगा डाव्या हाताने लिहितो आणि शिवाजी पार्कला क्रिकेटच्या सरावाला जातो. त्याला डावखुऱ्यांचे बॅटिंग ग्लोव्हज घ्यावेत का?
— एक पालक, माहीम

उत्तर : तो बॅट कशी धरतो ते पाहून ठरवावे, लिहिण्याच्या हाताचा येथे संबंध नाही. सचिन तेंडुलकर डाव्या हाताने लिहितात, पण फलंदाजी आणि गोलंदाजी उजव्या हाताने करीत आले. बॅटच्या दांड्यावर जो हात खाली असतो, त्याचा अंगठा चेंडूच्या समोर येतो, म्हणून त्या हाताच्या ग्लोव्हच्या अंगठ्याला जाड कवच असते. आपल्या मुलाचा उजवा हात खाली असेल तर नेहमीचे ग्लोव्हज घ्यावेत, डावा खाली असेल तर डावखुऱ्यांचे. धोबी तलावच्या क्रीडासाहित्याच्या दुकानांत ते विनासायास मिळतात. अजित वाडेकरांपासून यशस्वी जैस्वालपर्यंत या शहराने इतके डावखुरे फलंदाज पाहिले आहेत की तेथील दुकानदाराला हा प्रश्न नवा नाही. लेखनसाहित्याच्या दुकानदाराला मात्र अजून तो नवा वाटतो.

प्रश्न : आमच्या फ्लॅटमधील स्वयंपाकघराचे काम काढले आहे. सूनबाई डावखुऱ्या आहेत, आम्ही बाकीचे सर्व उजव्या हाताचे. सिंक डाव्या कोपऱ्यात भिंतीला लागूनच घ्यावे लागेल, असे कंत्राटदार म्हणतो. दोघींनाही सोयीचा ओटा करता येईल का? भांडी-उपकरणे कोणती बदलावीत?
— एक ज्येष्ठ वाचक, विलेपार्ले

उत्तर : आपण हा प्रश्न काम सुरू होण्याआधी विचारला हे फार बरे झाले, कारण दगड बसल्यानंतर सर्वांत अवघड दुरुस्ती सिंकचीच असते.

उजव्या हाताने भांडी घासणारी व्यक्ती भांडे डाव्या हातात धरते, त्यामुळे धुतलेले भांडे डावीकडे ठेवणे तिला सोपे जाते. डावखुऱ्या व्यक्तीचे सारे याच्या उलट असते. तिला निथळत ठेवायची जागा उजवीकडे हवी. सिंक डाव्या कोपऱ्यात घेतले तर निथळण्याची जागा आपोआप उजवीकडे येते, म्हणजे सूनबाईंच्या सोयीचीच झाली, असे वाटेल. परंतु घासणारा त्यांचा डावा हात असल्यामुळे त्याचे कोपर दर वेळी भिंतीवर आपटेल. सासूबाईंना कोपराचा त्रास होणार नाही, पण धुतलेली भांडी ठेवताना हात ओलांडून उजवीकडे न्यावे लागतील. थोडक्यात, कोपऱ्यातले सिंक दोघींपैकी कोणाच्याच पूर्ण सोयीचे नाही. मुंबईच्या इमारतींत सांडपाण्याचा पाइप ज्या डक्टमध्ये असतो त्याच्या शेजारी सिंक ठेवणे कंत्राटदाराला सोपे पडते, म्हणून तो आग्रह धरतो. पण ओट्याखालून पाइपला उतार देऊन सिंक दीड-दोन फूट सरकवणे बहुतेक ठिकाणी शक्य असते. प्लंबरकडून उतार तपासून घ्यावा आणि सिंकच्या दोन्ही बाजूंना निदान दीड फूट मोकळा दगड राहील असे पाहावे. निथळण्याची जाळी भिंतीत ठोकू नये, उचलून इकडची तिकडे करता येईल अशी घ्यावी. नळ एकाच दांड्याचा, मधोमध बसणारा असावा. भाजी चिरण्याची जागा सिंक आणि शेगडी यांच्या मध्ये ठेवली आणि ती पुरेशी रुंद असली, तर हाताचा प्रश्न तेथे येतच नाही.

फ्रिजचे दार कोणत्या बाजूने उघडावे हे ओटा कोणत्या बाजूला आहे त्यावरून ठरवावे, हातावरून नव्हे. मायक्रोवेव्हचे दार मात्र सहसा डावीकडे बिजागरी असलेले आणि उजव्या हाताने उघडायचे असते, आणि ते उलटवता येत नाही. तो डोक्याच्या उंचीवर टांगू नये. कमरेच्या वर, छातीच्या खाली ठेवावा, म्हणजे डाव्या हाताने गरम भांडे काढताना अंग पिळावे लागणार नाही.

आता उपकरणांविषयी. आमच्या पाहण्यात एक गोष्ट वारंवार आली आहे : आपल्या स्वयंपाकघरातील जुनी उपकरणे डावखुऱ्यांना फारशी छळत नाहीत. विळीचे पाते पाटाच्या मधोमध उभे असते आणि भाजी दोन्ही हातांनी त्यावर सरकवली जाते. पाट कोणत्या पायाने दाबून धरायचा एवढेच बदलते. लाटणे, रवी, किसणी, सांडशी, पाटा-वरवंटा यांना डावी-उजवी बाजू नाही. पुरणयंत्राचा दांडा एकाच दिशेने फिरवावा लागतो, पण तो मधल्या खिळ्याभोवती फिरत असल्यामुळे कोणत्याही हाताने चालतो. अडचण सुरू होते ती साच्यातून निघालेल्या, हाताच्या आकाराला ‘खास’ बेतलेल्या वस्तूंपासून, कारण एका हाताला वस्तू जितकी घट्ट बसवावी तितकी ती दुसऱ्या हाताला नडते.

म्हणून खरेदी करताना या गोष्टी पाहाव्यात. पीलर घेताना हलत्या पात्याच्या दोन्ही कडांना धार आहे ना हे बोटाने नव्हे, बटाट्यावर तपासावे. काहींमध्ये एकच कड धारदार असते. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा पीलर दोन्ही हातांना चालतो. साधी सुरी दोन्ही बाजूंनी घासलेली असते, ती चालेल. पाव कापायची दातेरी सुरी अनेकदा एकाच बाजूने घासलेली असते आणि डाव्या हातात ती तिरकी जाते. पावाचे काप एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होत असतील तर दोष सूनबाईंचा समजू नये. एका बाजूला चोच असलेले चहाचे भांडे दांडा उजव्या हातात धरला तरच सोयीचे. दोन्ही बाजूंना चोच असलेले किंवा काठ सगळीकडून वळलेले घ्यावे. मापाच्या कपावरील आकडे एकाच बाजूला छापलेले असतील, तर डाव्या हातात धरल्यावर ते पलीकडे जातात. इलेक्ट्रिक केटलच्या पाण्याच्या खुणेचेही तेच, ती दोन्ही बाजूंना असावी.

डबे उघडण्याचे चावीचे यंत्र मात्र सरळ टाळावे. त्याची चावी उजव्या हातासाठीच असते, डाव्या हाताने ते धरले की सारा हात उलटा फिरवावा लागतो आणि डब्याची कापलेली कड धारदार असते.

प्रश्न : मी दादरच्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. तेथील सर्व खुर्च्यांची लिहिण्याची फळी उजवीकडे आहे. तीन तास सराव परीक्षा दिली की माझी पाठ आणि खांदा भरून येतो. हे चालवून घ्यावे का?
— एक विद्यार्थी, दादर

उत्तर : चालवून घेऊ नये. उजवीकडच्या फळीवर डाव्या हाताने लिहिताना कंबरेपासून वरचे शरीर उजवीकडे पिळावे लागते आणि लिहिणाऱ्या हाताचे कोपर हवेत राहते, म्हणजे तीन तास खांद्यानेच हात तोलून धरावा लागतो. पाठदुखीचे कारण हेच आहे. आपली बसण्याची शिस्त नव्हे. अभ्यासिकेच्या चालकांना दहा खुर्च्यांमागे एक खुर्ची डाव्या फळीची ठेवण्याची लेखी विनंती करावी आणि ती रांगेच्या डाव्या टोकाला ठेवावी असेही सांगावे, नाहीतर दोन फळ्यांमध्ये शेजारी अडकतो. नव्या खुर्च्या येईपर्यंत साधे टेबल-खुर्ची मागावी. तेही न जमल्यास शेजारची रिकामी खुर्ची डावीकडे आणून तिची फळी वापरता येते; दिसायला विचित्र, पण पाठीला आराम. प्रत्यक्ष परीक्षेच्या केंद्रावर पर्यवेक्षकांना उत्तरपत्रिका वाटण्यापूर्वी, जरा लवकर जाऊन सांगितले तर जागा बदलून देणे त्यांना सोपे जाते.

खुर्च्या बनवणाऱ्यांसाठी एक वाक्य : फळीचा दांडा बसवण्याची भोके सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना पाडून ठेवली, तर तीच खुर्ची पान्याने काही मिनिटांत डावी करता येते.

प्रश्न : अंधेरीला आमचा प्लास्टिकच्या घरगुती वस्तूंचा छोटा कारखाना आहे. डावखुऱ्यांसाठी वेगळी मालिका काढावी असे माझ्या मुलीचे म्हणणे आहे. दहा टक्के ग्राहकांसाठी हा खर्च परवडेल का?
— एक उद्योजक, अंधेरी (पूर्व)

उत्तर : आपल्या मुलीचा हेतू योग्य आहे, पण वेगळी मालिका हे उत्तर बहुतेक वस्तूंना लागू पडत नाही. डाव्या हाताची वेगळी वस्तू म्हणजे वेगळा साचा. इंजेक्शन मोल्डिंगचा पोलादी साचा ही छोट्या कारखान्याची सर्वांत मोठी गुंतवणूक असते, आणि तो खर्च दहापट कमी नगांवर वाटला गेला की वस्तू महाग होते, दुकानदार ती ठेवत नाही आणि ग्राहकाला ती मिळत नाही. लंडनमध्ये १९६८ साली केवळ डावखुऱ्यांच्या वस्तूंचे दुकान सुरू झाले आणि त्याला जगभरातून ग्राहक मिळाले, हे खरे; परंतु तो धंदा विखुरलेल्या ग्राहकांना एका ठिकाणी गोळा करण्याचा होता, आपला धंदा गल्लीतल्या दुकानात माल पोहोचवण्याचा आहे.

त्यापेक्षा पहिल्या रेखाटनाच्या वेळीच एक चाचणी घ्यावी. वस्तूचे चित्र आरशासमोर धरावे. प्रतिबिंब मूळ चित्रासारखेच दिसले, तर ती वस्तू दोन्ही हातांची आहे, पुढे जावे. वेगळे दिसले, तर ती डावी-उजवी बाजू कशासाठी आली आहे हे विचारावे. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा उत्तर ‘काही खास कारण नाही’ असेच येते : चोच एका बाजूला काढली कारण जुन्या नमुन्यात तशी होती, आकडे एका बाजूला छापले कारण छपाईचा एक फेरा वाचला, मुठीला बोटांचे खळगे दिले कारण ते चित्रात उठून दिसतात. हे सारे साचा टाकण्यापूर्वी बदलायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. आकडे दोन्ही बाजूंना छापण्याचा खर्च तेवढा वाढतो आणि तो नगामागे किरकोळ असतो.

हा विचार नवा नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात वास्तुविशारद रोनाल्ड मेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली सर्वसमावेशक रचनेची सात तत्त्वे मांडली. त्यांतील दुसऱ्या, वापरातील लवचीकतेच्या तत्त्वाखाली उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही हातांनी वापरता येण्याची सोय करावी, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याआधी १९९० साली ऑक्सो या कंपनीची जाड, मऊ रबरी मुठीची उपकरणे बाजारात आली. संधिवातामुळे पीलर धरताना पत्नीला होणारा त्रास पाहून सॅम फार्बर यांनी ती बनवून घेतली होती. मूठ लंबगोल आणि दोन्ही बाजूंनी सारखी असल्यामुळे डावखुऱ्यांचीही सोय झाली. याच कंपनीच्या मापाच्या कपात आतल्या बाजूला तिरकी पट्टी असून तीवरचे आकडे वरून वाचता येतात, म्हणजे कप कोणत्या हातात आहे याने काही बिघडत नाही. आपल्या कारखान्याने नक्कल करावी असे नाही, पण विचार करण्याची रीत यातून घ्यावी.

काही गोष्टी मात्र उलटवू नयेत. बरण्यांच्या झाकणांचे आटे घड्याळाच्या दिशेनेच आवळले जावेत. उजव्या मनगटाला त्या दिशेने अधिक जोर लावता येतो आणि डाव्याला सोडवताना, हे खरे असले, तरी उलट आट्याची बरणी घरात आली तर डावखुऱ्यांसकट सगळेच ती उघडण्याऐवजी आवळत बसतील. झाकणाची कड खोबणीदार आणि रुंद ठेवावी, तेवढे पुरे. गाडीचा गिअर आपल्या देशात सगळे उजव्या हाताचे चालक डाव्या हाताने बदलतात आणि कोणाची तक्रार नसते. सगळ्यांना ठाऊक असलेला प्रघात कधी कधी सोयीपेक्षा मोलाचा असतो.

वेगळी डावी वस्तू काढायचीच असेल, तर जेथे पाती एकमेकांवरून घसरतात किंवा धार एकाच बाजूला असते, तेथेच काढावी : कात्री, शार्पनर, एकधारी सुरी. आपण प्लास्टिकचे काम करता, तेव्हा मुलांच्या कात्रीची मूठ आणि शार्पनरचे आवरण हे आपल्या आवाक्यातील आहे. पाती घडवणाऱ्याशी बोलावे लागेल. नमुने तयार झाल्यावर ते डावखुऱ्या माणसांच्या हाती देऊन, काही न सांगता, वापरताना पाहावे. पवईला आयआयटीमध्ये १९६९ पासून औद्योगिक रचनेचे शिक्षण देणारे केंद्र आहे; तेथील विद्यार्थी प्रकल्पासाठी अशा प्रत्यक्ष समस्या शोधत असतात, त्यांच्याकडे चौकशी करायला हरकत नाही. मुलीला बरोबर न्यावे.

प्रश्न : नरिमन पॉइंटच्या कार्यालयात माउस डावीकडे ठेवावा का, आणि मेट्रोच्या फाटकावर डाव्या हाताने कार्ड कसे टेकवावे, हे दोन छोटे प्रश्न.
— एक नोकरदार, घाटकोपर

उत्तर : माउस डावीकडे अवश्य ठेवावा. कळफलकावर आकड्यांचा वेगळा पट्टा उजवीकडे असतो आणि त्यामुळे उजवीकडचा माउस शरीरापासून दूर जातो. डावीकडचा जवळ राहतो, खांद्याला बरे. दोन्ही बाजूंनी सारखा असलेला साधा माउस घ्यावा आणि संगणकाच्या सेटिंगमध्ये मुख्य बटण बदलावे. उभ्या धाटणीचा हवा असल्यास लॉजिटेकने २०२२ साली त्याचा डाव्या हाताचा प्रकार आणला आहे. पुष्कळ डावखुरे लोक मात्र मुद्दाम माउस उजवीकडे ठेवतात, कारण डाव्या हाताने त्याच वेळी टिपणे काढता येतात. आपले काम लिहिण्याचे असेल तर तेही करून पाहावे.

मेट्रोच्या फाटकावर कार्डाचे यंत्र चालणाऱ्याच्या उजव्या हाताला असते. डाव्या हाताने सवयीने डावीकडच्या यंत्रावर कार्ड टेकवले, तर शेजारच्या रांगेचे दार उघडते आणि तेथला प्रवासी आपल्या पैशाने आत जातो. कार्ड उजव्या खिशात ठेवावे.